दृष्टान्त, दरबार, मंडळी : ख्रिस्ती समूहाच्या भविष्यचिंतनाची भाषा

१. विषयाची मांडणी

प्रत्येक ख्रिस्ती मंडळीच्या आयुष्यात काही वर्षांच्या अंतराने एक प्रश्न उभा राहतो : यापुढे कोणते सेवाकार्य करावयाचे, आणि कोणासाठी? पाळक बदलतो, जुनी कुटुंबे दूरच्या वसाहतींत राहावयास जातात, शाळा किंवा दवाखाना चालविण्याचे बळ उरत नाही, अथवा दाराशी निराळ्या भाषेचे, निराळ्या जातीचे लोक येऊन उभे राहतात. अशा वेळी मंडळी एकत्र बसते, प्रार्थना करते, चर्चा करते आणि काही एक ठरविते. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या राजधानी परिसरात ही प्रक्रिया आज पुष्कळदा आधुनिक व्यवस्थापनशास्त्राने घालून दिलेल्या वाटेने होते. ‘व्हिजन’, ‘मिशन’, ‘गोल’ हे शब्द तिच्यात येतात आणि तिच्या अखेरीस एक लहानसे निवेदन सिद्ध होते. अशा निवेदनाकडे आजवर धर्मशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहिले आहे; साहित्याच्या अभ्यासकांनी ते बहुधा कार्यालयीन कागद म्हणून बाजूला ठेवले आहे.

प्रस्तुत लेखात या प्रकारच्या भविष्यचिंतनाचा विचार एक भाषिक कृती म्हणून करावयाचा आहे. त्यासाठी तीन प्रसंग घेतले आहेत : १८८० च्या दशकातील दिल्लीच्या दरियागंज भागातील वस्ती, १९१७ मध्ये नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात मांडलेला ‘देवाचा दरबार’, आणि १९७० मध्ये नागपुरात अस्तित्वात आलेली ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संयुक्त मंडळी. हे प्रसंग एकमेकांपासून दूरचे वाटले तरी त्यांच्यात एक धागा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून नगर जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या मंडळ्या प्रथम १९२४ च्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ या संघात आणि पुढे १९७० च्या ऐक्यात सामील झाल्या. या संयुक्त मंडळीचे मध्यवर्ती कार्यालय नवी दिल्लीत आहे. दरियागंजच्या वस्तीची वारस असलेली दिल्लीची अँग्लिकन परंपराही याच ऐक्यात आली. म्हणजे नगरची मंडळी आणि दिल्लीची मंडळी यांचे भविष्य आज एकाच सभेत ठरते.

लेखाचे प्रतिपादन असे की, मंडळी आपले भविष्य ठरविते तेव्हा कार्यक्रमाआधी ती आपले सर्वनाम ठरवीत असते. ‘आम्ही’ कोण आणि ‘आपण’ कोण, हा निर्णय आधी होतो. योजना त्यामागून येते. आणि हा निर्णय पुष्कळदा निवेदनाच्या वाक्यांपेक्षा मंडळी स्वतःसाठी जे नाम निवडते त्यात दडलेला असतो.

२. शब्दांची पूर्वपीठिका

इंग्रजीतील ‘व्हिजन’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात : अलौकिक दर्शन आणि दूरदृष्टीची योजना. इंग्रजी भाषक मंडळ्या या संदर्भात नीतिसूत्रांच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अठराव्या वचनाचा आधार घेतात. जुन्या इंग्रजी भाषांतरात तेथे ‘व्हिजन’ हा शब्द आहे. मूळ हिब्रूत मात्र ‘हाझोन’, म्हणजे संदेष्ट्याला होणारे दर्शन, असा शब्द आहे. संदेष्ट्याच्या दर्शनाचे नियोजनात रूपांतर झाले ते शब्दाच्या या दुहेरी अर्थाच्या आश्रयाने.

मराठीत ही वाट निराळी आहे. ‘दृष्टान्त’ हा शब्द मराठी धार्मिक वाङ्मयात दोन अर्थांनी रूढ आहे. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त तो उपमेयाच्या स्पष्टीकरणासाठी सांगितलेली कथा या अर्थी येतो; वारकरी परंपरेत तो स्वप्नातील साक्षात्कार या अर्थी येतो. तुकारामांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन त्यांना कवित्वाचे काम सांगितले, आणि त्या कामाला शतकोटी अभंगांची संख्याही जोडली. बहिणाबाईंना तुकारामांचा अनुग्रह स्वप्नातच मिळाला. या सर्व प्रसंगांत दृष्टान्त म्हणजे काम सोपविले जाण्याचा क्षण होय. नामदेवांचे अपुरे राहिलेले काम तुकारामांकडे येते. नव्या योजनेची आखणी तेथे नाही, जुन्या ऋणाची फेड आहे. मराठी बायबलात ‘दृष्टान्त’ हा शब्द साक्षात्कारासाठीही येतो. त्यामुळे मराठी ख्रिस्ती वाचकाच्या कानावर ‘दृष्टान्त’ हा शब्द पडतो तेव्हा त्यामागे बायबल आणि वारकरी संप्रदाय ही दोन्ही घरे उभी असतात.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात मंडळीच्या भविष्यचिंतनाचा आद्य नमुना सापडतो. दहाव्या अध्यायात पेत्राला दृष्टान्त होतो आणि शुद्ध-अशुद्ध अन्नाविषयीची त्याची कल्पना हादरते; पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत सभा भरते आणि यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर कोणती बंधने घालावयाची, याचा निर्णय होतो. दृष्टान्त एकाला होतो, निर्णय सभेत होतो. सभेनंतर जे पत्र लिहिले जाते त्यातील प्रथमपुरुषी अनेकवचनाकडे मराठी अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावयास हवे. मूळ ग्रीकमध्ये या सर्वनामाचे एकच रूप आहे. मराठी भाषांतरकाराला मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. पत्र यरुशलेमेकरांनी दूरच्या बांधवांना लिहिलेले असल्यामुळे निवड ‘आम्ही’चीच होते, आणि ग्रीकमध्ये अनुक्त राहिलेली गोष्ट मराठीत उघड होते : ज्यांचे भविष्य ठरले ते निर्णय घेणाऱ्यांच्या सर्वनामात नव्हते.

‘आपण’ हे रूप आदरार्थी द्वितीयपुरुषासाठी आणि स्ववाचक अर्थानेही येते, हे खरे. पण प्रथमपुरुषी अनेकवचनात ते ऐकणाऱ्याला सामावून घेते, आणि ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. हा भेद गुजरातीत आहे. तमिळच्या ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’मध्ये, तेलुगूच्या ‘मनमु’ आणि ‘मेमु’मध्येही आहे. मराठीतील हे वैशिष्ट्य अनेक भाषाशास्त्रज्ञ द्राविड भाषांच्या संपर्काशी जोडतात. इंग्रजीत आणि प्रमाण हिंदीत मात्र तो नाही. राजधानीतील मंडळ्यांची निवेदने बहुधा याच दोन भाषांत लिहिली जातात, म्हणून त्यांतील ‘वुई’ किंवा ‘हम’ कोणाला सामावून घेतो, हे वाक्यावरून कळत नाही.

३. दरियागंज : वस्ती आणि बिरादरी

दिल्लीतील प्रॉटेस्टंट मंडळीचा आरंभ विद्याविभूषित वर्गातून झाला होता. दिल्ली कॉलेजातील गणितज्ञ मास्टर रामचंद्र आणि डॉ. चमनलाल यांचा बाप्तिस्मा १८५२ मध्ये झाला; चमनलाल १८५७ च्या धामधुमीत मारले गेले. पुढे मंडळीत संख्येने भर पडली ती मुख्यतः चामड्याचा व्यवसाय करणाऱ्या जातींतून. १८७७ मध्ये ‘केंब्रिज मिशन टू दिल्ली’ची स्थापना झाली आणि तिच्यातील तरुण विद्यापीठीय धर्मगुरूंपुढे एक अडचण उभी राहिली. बाप्तिस्मा घेतलेले चर्मकार ख्रिस्ती आपापल्या मोहल्ल्यांत, आपल्या बिरादरीत राहत होते. लग्न, मर्तिक, पंगत हे सारे व्यवहार तिच्याच नियमांनी होत होते. मिशनच्या दृष्टीने ही मंडळी नावापुरती होती.

यावर योजलेला उपाय म्हणजे वेगळी वस्ती. दरियागंजमध्ये ख्रिस्ती कुटुंबांसाठी घरे देण्यात आली आणि तेथे राहणाऱ्यांवर अटी घालण्यात आल्या : रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून पाळावयाचा, जन्म-विवाह-मृत्यूचे संस्कार ख्रिस्ती पद्धतीनेच करावयाचे आणि चरस ओढावयाची नाही. या मिशनमधील जॉर्ज आल्फ्रेड लेफ्रॉय यांनी १८८४ मध्ये या प्रयोगाचा वृत्तांत लिहिला. पुढे ते लाहोरचे आणि नंतर कलकत्त्याचे बिशप झाले. त्यांच्या वृत्तांतातील निर्णायक प्रसंग जातपंचायतीचा आहे. बिरादरीने सभा भरविली आणि ख्रिस्ती झालेल्यांनी उघडपणे एक बाजू निवडावी, अशी मागणी केली. पुष्कळांनी बिरादरी निवडली. थोडे ख्रिस्ती म्हणून उभे राहिले. मिशनने या फुटीचे दुःख मानले, पण तिच्यात एक प्रकारची शुद्धीही पाहिली : मंडळी लहान झाली, पण खरी झाली.

या वृत्तांताचे वाचन सर्वनामाच्या अंगाने केले तर त्यातील गुंतागुंत ध्यानात येते. मिशनच्या योजनेतला कर्ता मिशन हाच आहे. चर्मकार ख्रिस्ती तेथे योजनेचे कर्म आहेत. त्यांनी स्वतः निर्णय घेतला तो मिशनच्या सभेत नव्हे, तर बिरादरीच्या पंचायतीत. ज्या समूहाला ते ‘आपण’ म्हणू शकत होते तो समूह तीच होती. वस्तीने त्यांना नवे घर दिले, पण नवे ‘आपण’ लगेच देऊ शकली नाही. बिरादरी सोडणे म्हणजे सोयरीक, धंद्यातील उधारी, अंत्ययात्रेला खांदा देणारी माणसे, हे सारे सोडणे होय. लेफ्रॉय यांना या ओढीची कल्पना नव्हती असे नाही. परंतु त्यांच्या शब्दसंग्रहात ती ओढ ‘जात’ या एकाच सदरात जमा होत होती.

त्याच मिशनच्या परिसरात पुढच्या पिढीत दुसरी दिशा दिसू लागली. सेंट स्टीफन्स कॉलेजचे प्राचार्यपद १९०६ मध्ये सुशीलकुमार रुद्र यांच्याकडे आले, आणि त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय ठरले. १९०४ मध्ये दिल्लीत आलेल्या सी. एफ. अँड्र्यूज यांनी या नेमणुकीचा आग्रह धरला होता. अमेरिकन सॅम्युएल स्टोक्स आणि केंब्रिज मिशनचे एफ. जे. वेस्टर्न यांनी अँड्र्यूज यांच्या साह्याने १९१० मध्ये ‘ब्रदरहुड ऑफ द इमिटेशन ऑफ जीझस’ हा फकिरी वृत्तीचा संघ स्थापन केला. साधू सुंदरसिंग काही काळ स्टोक्स यांच्या सहवासात होते, पण संघाचे रीतसर सभासद झाले नाहीत. स्टोक्स यांनी १९१२ मध्ये विवाह केला, अँड्र्यूज १९१४ मध्ये शांतिनिकेतनास गेले आणि हा प्रयोग विरून गेला. मात्र ‘मिशन’कडून ‘बंधुसंघा’कडे झालेला हा प्रवास टिकाऊ ठरला नसला तरी तो लक्षणीय आहे. देणारा आणि घेणारा या नात्याच्या जागी तेथे निदान कल्पनेत तरी सहभोजनाचे नाते आले.

४. सातारा : देवाचा दरबार

ज्या वर्षी केंब्रिज मिशन स्थापन झाले त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा दरबार भरला होता. त्या वेळी दख्खन दुष्काळात होरपळत होते, आणि १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार व मांग समाजातील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. दुष्काळातील मदत आणि धर्मांतर यांचा संबंध पुढे या मंडळीच्या आत्मप्रतिमेवर कायमचा ओरखडा ठेवून गेला. ‘पोटासाठी झालेले’ हा टोमणा तिने पिढ्यानपिढ्या ऐकला. दुसऱ्या बाजूने, याच नगरला १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले होते, ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा येथेच रुजली आणि मराठी उपासनेची भाषा येथे घडत होती.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि त्यानंतरचे त्यांचे कार्य मुख्यतः नगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने झाले. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. पंचवीस वर्षांच्या आत त्यांनी मराठी मंडळीला तिची गाणी दिली; ‘उपासनासंगीता’तील त्यांच्या पदांचा वाटा पाहिला म्हणजे हे विधान अतिशयोक्त वाटणार नाही. १९१७ मध्ये आलेल्या एका उत्कट आध्यात्मिक अनुभवानंतर त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ होता. परकीय पैशावर न चालणारी, देशी वळणाची मंडळी त्यांना अभिप्रेत होती.

येथे दृष्टान्ताची मराठी घडण स्पष्ट दिसते. टिळकांनी प्रथम योजना आखून मग तिला दर्शनाचा आधार दिला नाही. अनुभव आला, आणि अनुभवाने नोकरी सोडावयास लावले. योजनेचा आराखडा त्यामानाने विरळच होता. दरबाराचे बळ आराखड्यात नसून नावात होते.

‘दरबार’ हा शब्द फारसीतून आलेला, पण मराठी भक्तीच्या भाषेत पूर्ण मुरलेला. पंढरीला देवाचा दरबार भरतो, तेथे संतांची मांदियाळी जमते, ही कल्पना कीर्तन ऐकणाऱ्या कोणालाही परकी नाही. १९१७ च्या वाचकाच्या कानात मात्र आणखी एक पडसाद असणार. सहाच वर्षांपूर्वी, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्लीत पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला होता आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा तेथे झाली होती. टिळकांनी हा विरोध हेतुपूर्वक साधला असे म्हणण्याची गरज नाही. शब्द त्या काळात जेथे वावरत होता तेथून तो हा अर्थ घेऊन आला. दिल्लीच्या दरबारात कोणी कोठे बसावयाचे हे पदवी आणि संस्थानाच्या दर्जावरून ठरत होते. साताऱ्याच्या दरबारात बाप्तिस्म्याच्या नोंदीवरूनही भेद करावयाचा नव्हता.

याच काळातील दुसऱ्या एका मराठी प्रयत्नाशी हा प्रकल्प ताडून पाहणे उद्बोधक ठरते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाले. हिंदू धर्मविचाराचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले आणि सामान्य स्त्रीला कळेल अशी साधी भाषा घडविण्याचा यत्न केला. टिळकांना परंपरेचे शब्द हवे होते, कारण त्या शब्दांतून बाहेरचा वाचक आत येणार होता. रमाबाईंना ते नको होते, कारण त्याच शब्दांनी स्त्रीला शतकानुशतके बाहेर ठेवले होते. दोघेही चित्पावन कुळातले, दोघेही भाषाप्रभू, दोघांचेही लक्ष मंडळीच्या भविष्यावर. पण ज्यांना आत घ्यावयाचे ती माणसे निराळी असल्यामुळे शब्दसंग्रह निराळे झाले.

टिळकांच्या दरबाराची मर्यादाही याच ठिकाणी सापडते. दरबाराला दार असते. ज्या संतपरंपरेतून हे रूपक आले त्याच परंपरेत चोखामेळा दाराबाहेर उभा आहे. त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे. १९१७ मध्ये ते मंदिर अस्पृश्यांना बंदच होते. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर ते उघडले. बाप्तिस्म्याची अट शिथिल केल्याने ज्याची अडचण दूर होणार होती तो शिष्य प्रामुख्याने सवर्ण होता : ख्रिस्तावर प्रेम करणारा, पण घर, सोयरीक आणि प्रतिष्ठा सोडण्यास कचरणारा. नगरच्या खेड्यांतील महार-मांग ख्रिस्ती माणसाने बाप्तिस्मा कधीच घेतला होता. त्याची अडचण त्यानंतरची होती : गावाच्या विहिरीवर, मंडळीच्या पंगतीत, मुलीच्या लग्नात. दरबाराने नवे ‘आपण’ निर्माण केले. परंतु आधीपासून मंडळीत असलेल्याला त्या ‘आपण’मध्ये कोणते स्थान, हे त्याच्या भाषेतून ठरत नव्हते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे महत्त्व या संदर्भात वेगळे आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात भविष्यचिंतनाची घरगुती बाजू दिसते. एकाच्या दृष्टान्ताचा खर्च घरातील इतरांना कसा पेलावा लागतो, पगार सोडण्याचा निर्णय चुलीपर्यंत कसा पोहोचतो, हे लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर न लावता नोंदवितात. टिळकांच्या घरात निरनिराळ्या जातींची मुले वाढली. त्यांना जेवू घालताना लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळे टप्प्याटप्प्याने कसे गळून पडले, याची कबुली त्यांनी स्वतः दिली आहे. दरबाराच्या निवेदनात जे ‘आपण’ तत्त्व म्हणून येते ते ‘स्मृतिचित्रे’त शिजवण्या-वाढण्याच्या कामातून सिद्ध होते. मंडळीचे भविष्य अभ्यासताना जाहीर निवेदनांबरोबर आत्मचरित्रे वाचावयाची ती याकरिता.

टिळकांचे ९ मे १९१९ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले आणि रक्षा नगरला नेण्यात आली. दरबार संस्था म्हणून त्यांच्यामागे टिकला नाही. जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघामागे टिळकांची प्रेरणा होती. विन्स्लो यांनीच १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. तथापि ‘दरबार’ जाऊन ‘सेवा संघ’ आला, तेव्हा स्थळवाचक नावाच्या जागी कार्यवाचक नाव आले, आणि हा बदल पुढच्या शतकाची दिशा सुचविणारा होता.

५. नागपूर आणि दिल्ली : ऐक्याचा मसुदा

उत्तर भारतातील मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौच्या परिषदेत सुरू झाली. मसुद्यांवर मसुदे झाले. चौथी सुधारित आवृत्ती १९६५ मध्ये निघाली. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. सातव्या मंडळीने, सदर्न एशियातील मेथडिस्टांनी, अगदी शेवटच्या टप्प्यात माघार घेतली. बिशपपद कसे असावे, बाप्तिस्मा बाल्यावस्थेत की जाणतेपणी, दीक्षांचे एकत्रीकरण कोणत्या विधीने, या प्रश्नांवर चाळीस वर्षे खर्ची पडली. हे प्रश्न खरे होते. पण ते मिशनांच्या मूळ देशांत, तेथील मंडळ्यांच्या भांडणांतून जन्मलेले होते. दरियागंजच्या पंचायतीने विचारलेला प्रश्न आणि चोखोबांच्या दाराचा प्रश्न त्या मसुद्यांच्या मध्यभागी आला नाही.

नव्या मंडळीने ‘एकता, साक्ष, सेवा’ हे त्रिपद स्वीकारले. दरियागंजची वस्ती आणि साताऱ्याचा दरबार यांच्याशेजारी हे त्रिपद ठेवून वाचले तर एक फरक ठळक होतो. वस्ती आणि दरबार ही जागांची नावे आहेत. जागा म्हटली की कोण आत, कोण बाहेर, कोण कोणाशेजारी, हे प्रश्न टळत नाहीत. एकता, साक्ष, सेवा ही भाववाचक नामे आहेत. त्यांना जागा नाही आणि कर्ताही नाही. सेवा कोणी कोणाची करावयाची? साक्ष कोणी कोणापुढे द्यावयाची? निरनिराळ्या परंपरांना एकत्र आणणाऱ्या मसुद्याला भाववाचक नामांची गरज असते, कारण त्यांच्यावर सर्वांचे एकमत होऊ शकते. म्हणून हे त्रिपद दोषास्पद ठरत नाही. परंतु प्रत्येक स्थानिक मंडळीला त्यात स्वतःचा कर्ता भरावा लागतो, आणि तो न भरताच जेव्हा नवे निवेदन रचले जाते तेव्हा ते पोकळ होते.

हा प्रश्न अखेर मराठी भाषक धर्मशास्त्रज्ञानेच स्पष्टपणे उभा केला. महाराष्ट्रातून आलेल्या अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानात शूद्र धर्मशास्त्राची मांडणी केली आणि पुढे दलित धर्मशास्त्राचा पाया घातला. भारतीय ख्रिस्ती विचाराने स्वतःला देशी करण्याच्या ओघात ब्राह्मणी परंपरेचीच भाषा उचलली, तर मंडळीतील बहुसंख्य दलित आहेत, हा त्यांचा आक्षेप होता. अनुवाद या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातील, भटक्या पूर्वजाची आठवण सांगणारे कबुलीवचन त्यांनी आधारासाठी घेतले. त्या वचनाची रचना पाहण्याजोगी आहे : भविष्यातील भूमीत उभे राहून बोलावयाचे, पण आरंभ पूर्वजाच्या वनवासापासून करावयाचा. तुकारामांच्या दृष्टान्ताप्रमाणे येथेही भविष्याचा उगम ऋणाच्या आठवणीत आहे.

या आठवणीला कायद्याची बाजूही आहे. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ही मान्यता हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलितांचा झालेला नाही. या प्रश्नाच्या विचारासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नगर जिल्ह्यातील एकाच गावच्या, एकाच कुळाच्या दोन घरांपैकी एक बौद्ध झाले आणि दुसरे ख्रिस्ती राहिले, तर राज्याच्या लेखी त्यांची वाट वेगळी होते. अशा घरातील माणूस दिल्लीच्या एखाद्या मंडळीत बसून ‘समाजातील वंचितांची सेवा’ हे कलम ऐकतो, तेव्हा तो सेवा करणाऱ्यांत आहे की वंचितांत, हे त्या कलमाच्या हिंदी किंवा इंग्रजी सर्वनामावरून त्याला कळत नाही.

६. समारोप

वरील विवेचनावरून अशा लेखनाच्या वाचनासाठी तीन कसोट्या सुचविता येतील. पहिली, कर्त्याची : योजनेतील क्रियापदांचा कर्ता कोण आहे, आणि ज्याच्यासाठी क्रिया व्हावयाची तो त्या कर्त्यात मोडतो काय? दुसरी, नावाची : मंडळी स्वतःला जागेचे नाव देते की गुणाचे, आणि जागेचे दिल्यास तिचे दार कोठे आहे? तिसरी, काळाची : भविष्याचा आरंभ मागील ऋणापासून होतो की कोऱ्या कागदापासून? दरियागंजची वस्ती पहिल्या कसोटीवर अडते. देवाचा दरबार पहिल्या व तिसऱ्या कसोटीवर उतरतो, पण दुसऱ्या कसोटीवर त्याचे दार अर्धेच उघडे आढळते. नागपूरच्या त्रिपदात तिन्ही जागा रिकाम्या आहेत, म्हणजेच भरण्यास मोकळ्याही आहेत.

राजधानी परिसरातील मंडळ्यांत हिंदी आणि इंग्रजीबरोबर तमिळ, तेलुगू, मल्याळम तसेच ईशान्येकडील भाषा बोलणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या मातृभाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा भेद जिवंत आहे. भविष्यचिंतनाच्या सभेत प्रत्येकाने मसुद्यातील प्रथमपुरुषी अनेकवचन आपल्या भाषेत करून पाहिले, तर मसुद्यातील किती वाक्ये ‘आम्ही’ने सुरू होतात आणि किती ‘आपण’ने, याचा हिशेब त्याच बैठकीत लागेल. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात भाषांतराला मजकूर तपासण्याचे साधन मानले जाते. मंडळीलाही ते साधन हाताशी आहे. आणि त्याचा उपयोग मसुद्यावर मत घेण्याआधी करावयाचा आहे, नंतर नव्हे.